शेवटचे अठरा फूट

…करते ना सही, सही कुठे पळून चाललीय — पण आधी नीट वाचू तर दे. चष्मा कुठे ठेवला मी — हां, गळ्यातच आहे. 'निगेटिव्ह कापताना झालेली चूक.' असं लिहिलंयस तू. कुणी सांगितलं तुला चूक झाली म्हणून? तू होतीस तिथे? पंचावन्न साली तुझा जन्म तरी झाला होता का? नाही ना. मग बस. बस गं, उभी नको राहूस डोक्यावर, मान वर करून बोलायचा त्रास होतो मला. कॉफी घे. तो वेलचीचा पाव घे, सकाळीच भाजलाय — आमची आई मिनेसोटात करायची तसा. एमेट एका बैठकीत चार खायचा. हो, तोच एमेट. एमेट ग्रेडी. पोस्टरवरचा, टी-शर्टवरचा, तुम्हा सगळ्यांचा. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून खायचा आणि मी ओरडायचे, साखरेचे हात निगेटिव्हला लागले तर बोटं कापून टाकीन म्हणून.

तर तुमच्या संग्रहालयाचं म्हणणं असं — चुकलं तर सांग — की क्रेलसाहेब वारले, त्यांच्या बायकोने गॅरेज उपसलं आणि त्यात संत्र्यांच्या सिनेमाची कामाची प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह कापायच्या आधीची कच्ची प्रत, सापडली, साहेबांनी स्वतः बसून जुळवलेली. आम्ही त्याला संत्र्यांचाच म्हणायचो. पहिला मिठागराचा, दुसरा रेल्वेचा आणि हा संत्र्यांचा — तीनच तर केले एमेटने बिचाऱ्याने, तिसरा पडद्यावर यायच्या आत समुद्रात बुडून मेला, चोविसाव्या वर्षी. तर त्या प्रिंटमध्ये शेवटचा शॉट वेगळा निघाला. साहेबांनी लावलाय टेक सात, आणि जग चौतीस वर्षं बघतंय टेक दोन. आता तुम्ही सिनेमा धुऊनपुसून नवा करताय, तर दोन काढणार, सात घालणार. साहेबांच्या मनासारखं. आणि सोबतच्या पुस्तिकेत छापणार, की ही चूक निगेटिव्ह विभागातल्या श्रीमती हेझल डोम्बेक यांच्या हातून झाली. साक्षीला सही कुणाची, तर त्यांच्या समोर बसणाऱ्या इर्मा लिंडक्विस्टची. बरोबर? मग माझं उत्तर ऐक. चूक नव्हती. साहेबांनी मत बदललं होतं. दिग्दर्शक बदलतात मत, त्यात काय एवढं. असं लिहून आण, मी डोळे मिटून सही करते.

चिठ्ठी? — हो, मत बदललं तर चिठ्ठी यायची. यायची. पिवळ्या कागदावर. आता ती सापडत नसेल तर मी काय करू, स्टुडिओने निम्मे कागद जाळले, तुला माहीतच असेल. साहेब तेव्हा स्पेनमध्ये होते हेही खरं. पुढचा सिनेमा सुरू केला होता त्यांनी, आणि इकडे मालकांना घाई — पोरगा मेलाय, पेपरात रोज फोटो येतायत, नाताळच्या आत थेटरात लागला पाहिजे. मग तारेने कळवलं असेल. फोनवर सांगितलं असेल. मला काय विचारतेस, मी कात्री चालवणारी बाई. आम्हाला कुणी खुलासे देत नसे. बाराजणी बसायचो त्या खोलीत, पांढरे हातमोजे घालून, खिडकी नाही, आणि उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर, कारण निगेटिव्हला गारवा लागतो. म्हणून तर तो यायचा. सेटवर दिव्यांनी भाजून निघायचा, मग दुपारी आमच्याकडे येऊन जमिनीवर आडवा. हेझल म्हणायची, ए, ऊठ, पाय पडेल कुणाचातरी, लाखाचं पोरगं आहेस तू.

नाही, ऐक, काम समजून घे, म्हणजे तुला कळेल की चूक होणं किती अवघड. दोघी-दोघी समोरासमोर. एकीकडे साहेबांची प्रिंट. तिच्या काठावर बारीक आकडा असतो, निगेटिव्हवरून उतरलेला. ती वाचणार. दुसरी तोच आकडा मोठ्याने परत म्हणणार, मूळ निगेटिव्हमध्ये तो शोधणार, वाचणारीला दाखवणार, आणि मगच कात्री. मगच. कारण कापलं की संपलं — जोडायला काठ खरवडावा लागतो, फिल्मवरची एक चौकट जाते ती जाते, देव आला तरी परत मिळत नाही. म्हणून म्हणणं, परत म्हणणं, दाखवणं. जेवणाआधी प्रार्थना म्हणतात ना, तसं अंगवळणी पडलेलं. हेझल वाचायची, मी कापायचे. नऊ वर्षं. तिने वाचलं आणि मी परत म्हटलं नाही असं कधीही — कधीही झालं नाही.

बरं, ते सोड. मला सांग, तू तो शॉट पाहिलायस ना? किती वेळा? लाजू नकोस. वीस? बघ. छोटं स्टेशन, गाडी गेली, मुलगी गेली, आणि हा फलाटावर एकटा. रडत नाही, काही नाही. खाली बघतो आणि कोटाचं बटण लावतो. चुकीच्या काजात जातं. काढतो. परत लावायला घेतो आणि तसाच चालत चौकटीबाहेर जातो. बारा सेकंद. अठरा फूट. त्या बटणावर म्हणे प्राध्यापकांनी पुस्तकं लिहिलीत — आयुष्यच चुकीच्या काजात गेलेला माणूस वगैरे. खरं सांगू तुला? त्याला वाटलं होतं टेक फुकट गेला. इंजिनाची वाफ मध्ये आली, त्याला वाटलं आता साहेब 'कट' म्हणणार, आणि थंडी होती म्हणून पोरगं बटण लावत होतं. एवढंच. अभिनय नव्हताच तो. त्या तिन्ही सिनेमांत मिळून ती बारा सेकंदं अशी, की ज्यात तो कुणाला काही दाखवत नाहीये. तुम्ही ते काढून तिथे रडणारं थोबाड घालणार. घाला. साहेबांच्या बायकोचा पैसा आहे, हौस आहे.

मी कुठे चिडलेय? हा माझा आवाजच असा आहे.

रडायचा तो चांगला, नाही म्हणत नाही मी. पण तुला एक सांगते. तुम्ही सगळ्यांनी त्याला पडद्यावर पाहिलं. मी पाहिलं निगेटिव्हमध्ये. तिथे सगळं उलटं असतं — चेहरा काळा, दात काळे आणि केस पांढरेशुभ्र. एकदा काचेवर धरून त्यालाच दाखवलं. म्हणाला, इर्मा, हा तर म्हातारा झाला गं. मी म्हटलं, होशीलच की, घाई काय आहे. खूप हसला. दोन वर्षं मी त्याला रोज पांढऱ्या केसांचा बघत होते, आणि मग सप्टेंबरात कळलं की बुडाला. आणि नोव्हेंबरात ती डबी टेबलावर आली. शेवटचं रीळ. मला त्याची फार आठवण येते गं, अजून येते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पोटचं पोर नव्हतं मला.

टेक सात मी बघितला का? बघणारच. सगळंच बघावं लागतं. प्रिंटमध्ये साहेबांनी फक्त शेवटचे अठरा फूट घेतले होते. पण निगेटिव्हमध्ये टेक अख्खा असतो, कॅमेरा सुरू झाल्यापासून. आणि त्यात टेकचा आकडा लिहिलेली पाटी आधी नव्हती, शेवटी होती, उलटी धरलेली — म्हणजे कॅमेरा गुपचूप सुरू केलेला, पोराला पत्ता नाही. तो उभा आहे, काहीतरी विचारतोय कुणालातरी. आणि बाजूने एक हात येतो. बाही दुमडलेली, मनगटावर मोठं चौकोनी घड्याळ. आणि त्याच्या कानफटात बसते. अशी, की तो दोन पावलं मागे जातो. हात निघून जातो. मग तो बघतो — त्या हाताच्या दिशेने बघतो, दहा वर्षांच्या पोरासारखा — आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागतं. ते पाणी म्हणजे तुमचा टेक सात. तिथून पुढचे अठरा फूट.

घड्याळ कुणाचं ते तुला सांगायला नको. फोटो पाहिलेस तू त्यांचे.

सहा टेक झाले होते, साहेबांना हवं ते मिळत नव्हतं, तेव्हा ते असंच करत. एकट्या एमेटलाच नाही. सेटवर चाळीस माणसं असतील, एकाने तोंड उघडलं नाही, आणि मी असते तरी कुठे उघडलं असतं. पण मी सेटवर नव्हते. मी टेबलावर होते, माझ्या हातात कात्री होती आणि पोरगं मरून दोन महिने झाले होते. त्याच्या आयुष्यातलं शेवटचं चित्र काय राहणार — साहेबांनी मारून काढलेलं रडं? मी म्हटलं, नाही. तेवढं नाही. मी दोन उचलला आणि —

हं.

असं बघू नकोस माझ्याकडे. हो. मीच. चिठ्ठी नव्हती, तार नव्हती, साहेबांनी काही मतबित बदललं नव्हतं. हेझलने आकडा वाचला, मी परत म्हटला, स्पष्ट, आणि मग दाखवायच्या वेळी म्हटलं, राहू दे गं, शेवटचाच आहे, तू डोळे धू जा, लाल झालेत. ती गेली. विश्वास होता तिचा, नऊ वर्षांचा. तिचा नवरा तेव्हा अंथरुणाला खिळलेला, रात्रीची झोप नव्हती तिला. मी कापला, जोडला आणि ती परत यायच्या आत रीळ गुंडाळून मोकळी झाले. मालकांनी पाहिलं, त्यांना काय कळतंय, वाहवा म्हणाले. साहेबांनी पाहिलं ते एकदम पहिल्या खेळाला, आठशे लोकांत. तोवर चारशे प्रिंटा निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आमच्या विभागात आले तेव्हा चेहरा असा झाला होता — मला वाटलं आता आपली सुटका नाही. पण तोवर पेपर आले होते ना. सगळ्या पेपरांत ते बटण. क्रेल यांची प्रतिभा, क्रेल यांचा संयम. मग कसे बोलणार? पुढे तीस वर्षं भाषणं देत फिरले, त्या बटणासाठी मी एमेटबरोबर तीन दिवस काम केलं म्हणून. मी एकदा ऐकायला गेले होते. शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

आणि आवडलं मला. आता बोलतेच आहे तर हेही ऐक. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला इथल्या थेटरात लावतात, मी जाते, आणि शेवटच्या शॉटला सगळं थेटर श्वास धरून बसतं तेव्हा मी मनात म्हणते, हे माझं आहे. इर्मा लिंडक्विस्टने केलंय हे. नुसती त्याची दया आली म्हणून केलं असं सांगितलं ना मी — अर्धं खरं आहे ते. मला कळत होतं की दोन चांगला आहे. साहेबांपेक्षा मला जास्त कळत होतं.

पण कुणालातरी काढावं लागणारच होतं. साहेबांना बाहेर बोलता येईना, पण आत राग काढायचा होताच. हेझलला काढली. मी काय करणार? मी गप्प राहिले. एवढाच माझा गुन्हा, गप्प राहिले. मी बोलले असते तर दोघी गेलो असतो, आणि तिला दुसरीकडे काम मिळालंच असेल, हात चांगला होता तिचा —

काय म्हणालीस?

तू भेटलीस तिला? कधी? — गेल्या मंगळवारी. फ्रेझ्नोला. मला वाटलं होतं, ती केव्हाच… ऐंशीच्या पुढे असेल ना. कशी आहे? नाही, थांब, ते नको सांगूस. ती काय म्हणाली ते सांग.

स्वतः? तिने स्वतः सांगितलं, माझ्याकडून चूक झाली म्हणून?

परत म्हण. — 'रात्रीची झोप नव्हती, दोनचा आकडा वाचून गेले, इर्माने बिचारीने मी वाचलं तेच कापलं.' — बिचारीने. असं म्हणाली? रडत होती का? नाही. पुढे सांग. — नंतर कुठेच आकड्यांचं काम केलं नाही. शिलाईकाम. का? — 'माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा राहिला नाही.' चौतीस वर्षं. अगं, मला वाटलं होतं तिला माहीत असेल. मनातल्या मनात मला शिव्या घालत असेल, मला वाटलं होतं. मी त्या शिव्यांची तयारी करून ठेवली होती. दारावरची घंटा वाजली की वाटायचं, आली. तिला मुळी संशयच नाही?

जरा पाणी दे. नळाचं चालेल.

मी गप्प नव्हते राहिले. तुला मघाशी खोटं सांगितलं. दोघींना साहेबांसमोर उभं केलं होतं. हेझल म्हणाली, मी तर सातचाच वाचला, मला वाटतं. मला वाटतं — बघ, अशी होती ती, स्वतःबद्दल खात्रीने बोलायची नाही कधी. आणि साहेब माझ्याकडे वळले. घड्याळ तेच. मी त्या घड्याळाकडे बघत होते, आणि म्हटलं, मी ऐकते तेच कापते, साहेब. पाच शब्द. हेझल माझ्याकडे बघायला लागली. रागाने नाही. विचार करत, आठवत. ती तिथेच, माझ्यासमोर, स्वतःला चुकीची ठरवत होती आणि मी ते होऊ दिलं. तिने कपाट रिकामं केलं तेव्हा मला हातमोजे देऊन गेली, नवे होते, वापर म्हणाली. वर्षभरात मी विभागप्रमुख झाले. ज्याने पोराला मारलं त्याला मी काही करू शकले नाही, आणि ज्या बाईने आयुष्यात माशी मारली नाही तिला मात्र — जाऊ दे. कळलंय तुला.

इकडे ये. हे कपाट उघड. चादरींच्या मागे हात घाल, खाली, आणखी खाली — बिस्किटांचा डबा. नाही, उघडू नकोस इथे, आंबूस वास मारतो, जुनी फिल्म तशीच होते. पण बघण्यासारखी आहे अजून, दर वर्षी तपासते मी. टेक सात. मूळ निगेटिव्ह. उरलेल्या फिल्मा त्यांच्यावरची चांदी काढायला भट्टीत जात, हा मी जेवणाच्या पिशवीतून घरी आणला. चोरीच म्हण. घेऊन जा. पण हा अख्खा आहे. हातासकट, घड्याळासकट, पाटीसकट. साहेबांच्या मनासारखं करायचंय ना तुम्हाला? मग करा, पण सात घालायचा तर तो कसा मिळवला तेही लोकांना दाखवा. तेवढी हिंमत नसेल तर दोन राहू दे. ते तुमचं तुम्ही ठरवा, माझा त्यातला हक्क संपला. संपला म्हणतेय ना. मला काय वाटतं ते विचारू नकोस, मला काय वाटतं त्यापायीच हे सगळं झालं.

आणि हा कागद. हा खोटा आहे, ह्याच्यावर मी सही करणार नाही. मागची बाजू कोरी आहे ना? दे पेन. लिहिते. 'हेझल डोम्बेक हिने आकडा बरोबर वाचला. तिने वाचलेला आकडा मी मोठ्याने परत म्हटला आणि जाणूनबुजून दुसरा टेक कापला. चौकशीत मी खोटं बोलले.' झालं. इर्मा लिंडक्विस्ट. तारीख तू घाल. पुस्तिकेत छापा हेच. निवृत्तिवेतन काढून घ्यायचं असेल तर घ्या म्हणावं.

थांब, निघू नकोस अजून. तिचा नंबर असेल तुझ्याकडे. लाव. मला डायलवरचे आकडे नीट दिसत नाहीत. लाव म्हणतेय ना, पुस्तिका छापून यायला सहा महिने लागतील, आणि ती ऐंशीच्या पुढे आहे. मी काय बोलणार? मला माहीत नाही. वाजतंय का? आण इकडे.

वाजतंय… उचलला.

हॅलो. हेझल डोम्बेक आहेत का? — हेझल, मी इर्मा बोलतेय. स्टुडिओतली. हो. हो, जिवंत आहे अजून. नाही, तू थांब, माझी तब्येत-बिब्येत मरू दे, मला आधी बोलू दे, नाहीतर राहून जाईल. हेझल, संत्र्यांच्या सिनेमाचं शेवटचं रीळ. तू वाचलंस चार-चार-नऊ-चार-शून्य. मी ऐकलं. परत म्हटलं मी ते. चार-चार-नऊ-चार-शून्य, सातचा. दोनचा नाही. तुझे डोळे नीट होते. तू काहीही चुकली नव्हतीस हेझल, मी मुद्दाम दुसरा कापला, आणि साहेबांसमोर — ऐकतेयस ना?

हेझल?

… फोन ठेवलेला नाही, श्वास ऐकू येतोय. पोरी, तू जा आता. डबा घे, कागद घे आणि जा. दार ओढून घे.